ॲपचा सातबारा

रोहितचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. गावात मात्र त्याला रोहितच्या लग्नाचं साल कोणी म्हणत नाही. निवृत्ती न जेवता उठला ते साल म्हणतात. पत्रिकेत अठ्ठ्याहत्तर नावं छापली होती. आशीर्वाद देणारे दिवंगत वेगळे, निमंत्रक वेगळे, व्यवस्थापक वेगळे, चिमुकल्यांची किलबिल वेगळी. एवढ्या गर्दीत रोहितचा सख्खा चुलता निवृत्ती, त्याचंच नाव राहिलं. प्रेसवाला म्हणाला, तुम्ही दिलंच नव्हतं. रोहितचे वडील सावळीरामआबा म्हणाले, मी स्वतः लिहून दिलं होतं. निवृत्तीने आहेर दिला, अक्षता टाकल्या, आणि पंगत बसायच्या आत मोटरसायकलला किक मारली. ती किक आबांच्या कानात वर्षभर वाजत होती. पुढे ॲपचं जे झालं त्यात या किकचा मोठा हात आहे.

सावळीरामआबा काकड मखमलाबादचे. दोन एकरात शेवंती आणि कोथिंबीर, पण गावात त्यांची खरी ओळख पाटकरी म्हणून. कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी वापर संस्थेच्या बेचाळीस सभासदांपैकी कोणाच्या शेतात कधी आणि किती तास पाणी जायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. आबांनी हे काम तीस वर्षं केलं. या तीस वर्षांत भांडणं झाली, पण डोकं कोणाचं फुटलं नाही. पाण्याच्या कामात याहून मोठं प्रशस्तिपत्र आमच्याकडे मिळत नाही.

आबांना एकच दुःख होतं. त्यांच्या एकट्याच्या नावावर जगात काही नव्हतं. जमिनीच्या सातबाऱ्यावर तीन भावांची नावं. घर मालनबाईंच्या नावावर, कारण बायकांच्या नावावर घेतलं की मुद्रांकात सवलत मिळते. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून मालनबाईच. मोटरसायकल रोहितची, मोबाईलचं सिमसुद्धा रोहितचं. विजेचं बिल अजून आबांच्या वडिलांच्या नावाने यायचं. वडिलांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती, तरी ते बिल दर महिन्याला वेळेवर भरत होते. आबा कधीकधी ओट्यावर बसून म्हणायचे, “उद्या पोलिसांनी विचारलं तुम्ही कोण, तर दाखवायला माझ्याकडं फक्त आधार हाय. त्याच्यावर बी फोटो माझ्यासारखा नाय.”

घरात आलेली सून, उज्वला, देवळाली कॅम्पची. वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पोरीला शिस्त होती. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करायची. एकदा आबा पाळ्यांचा कागद मांडून बसले होते आणि चौथ्यांदा खोडत होते. उज्वला चहा घेऊन आली, कागद पाहिला आणि म्हणाली, “आबा, याचं ॲप होईल.”

“होऊन काय करंल?”

“तुम्ही जे करता तेच करेल. खोडणार नाही तेवढं.”

तिने ते रोहितच्या जुन्या कॉम्प्युटरवर केलं. कंपनीच्या लॅपटॉपवर एक अक्षर लिहिलं नाही. नाहीतर कंपनी म्हणेल आमच्या यंत्रावर झालं, आमचं आहे. म्हणून रविवारी ॲपचं काम सुरू झालं की ती कंपनीचा लॅपटॉप बंद करून त्यावर मालनबाईंनी विणलेला रुमाल टाकायची. मालनबाईंना वाटायचं सुनेला आपला रुमाल फार आवडतो. त्यांनी अजून दोन विणले.

आबा शेजारी बसून नियम सांगायचे. घरात मयत झाली तर त्या घराची पाळी पुढच्याला द्यायची आणि तेरावं झाल्यावर परत करायची. कोथिंबीरवाल्याला थोडं पण लवकर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कोरडा पाट आधी पाणी पितो. तो ओला होईपर्यंतचा वेळ पहिल्या शेतकऱ्याच्या नावावर धरायचा नाही, कोणाच्याच नावावर धरायचा नाही, तो संस्थेचा. हा नियम आबांनी स्वतः काढलेला होता आणि तो लागू करायला त्यांना चार वर्षं लागली होती. उज्वलाने तो पाव तासात लिहिला. आबांना त्याचं थोडं वाईटच वाटलं.

ॲपचं नाव ठेवलं ‘पाटकरी’. सभासदांच्या मोबाईलमध्ये गेलं. पहिल्याच आवर्तनाला बेचाळीस जणांना आपापली वेळ आपापल्या खिशात कळली आणि आबांच्या ओट्यावर कोणी भांडायला आलं नाही. दोन दिवस आबांना चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, ही एक वस्तू आपल्या एकट्याच्या नावावर होऊ शकते.

“त्याच्या खाली लिही,” ते उज्वलाला म्हणाले, “सर्व हक्क सावळीराम धोंडू काकड यांच्या स्वाधीन.”

“सर्व नाही लिहिता येणार, आबा.”

“मग किती लिहिता येतील?”

उज्वलाने खुर्ची वळवली. “तुमचे नियम आपले. पण रात्रीची पाळी दर वेळी एकाच माणसावर येऊ नये म्हणून पाळ्या फिरवणारा जो भाग आहे, तो मी नाही लिहिला. एन्रिके सोलेर नावाच्या माणसाचा आहे तो. स्पेनमधला आहे. त्याने सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवलाय.”

“मोकळा हाय ना? मग झालं तर.”

“मोकळा आहे, बेवारस नाही. त्याच्या अटी आहेत. त्याचं नाव आणि त्याचं परवानापत्र जसंच्या तसं ठेवायचं. आणि आपण ज्याला ॲप देऊ त्याने मागितलं तर आतलं सगळं लिखाण त्याला द्यायचं, आपलंसुद्धा. त्यानेही पुढच्याला तसंच द्यायचं.”

आबा पाटकरी होते, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. “म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरनं पाट आणल्यासारखं. आपलं रान भिजवायचं, पण पाट बुजवायचा नाय आणि खालच्याचं पाणी अडवायचं नाय.”

“अगदी तसंच.”

आबांना समजलं, आणि समजलं म्हणूनच जास्त राग आला. न समजलेल्या गोष्टीवर माणूस निदान वाद घालू शकतो.

त्यातच दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका कंपनीचा मॅनेजर, सुयश नावाचा, गाडी घेऊन आला. त्याला त्यांच्या तीन गावांसाठी ॲप हवं होतं आणि दुसऱ्या कोणाकडे ते असायला नको होतं. बरोबर प्रतिज्ञापत्राचा मसुदा होता. त्यात लिहिलं होतं, ‘मी सावळीराम धोंडू काकड, सदर ॲपचा संपूर्ण व एकमेव मालक आहे.’ आबांनी ते वाक्य सुयशकडून दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मालनबाईंना ऐकायला बोलावलं.

“एकमेव,” मालनबाई म्हणाल्या. “आणि भाजी आणायला कोण जाणार आहे आज, एकमेव मालक?”

आबा दुसऱ्या दिवशी रवी वकिलांकडे गेले. रवी वकील कोर्टाजवळच्या गल्लीत बसायचे आणि जन्मभर जमिनीचेच दावे लढलेले. ॲप हा प्रकार त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता, पण वकिलाने असं तोंडावर दिसू द्यायचं नसतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“काकड, असं धरून चला की या ॲपचा सातबारा आहे. आता भोगवटादार कोण? लिहिलं कोणी?”

“सुनेनं.”

“मग मालक सूनबाई.”

आबांनी बोटं मोजली. घर बायकोचं, ॲप सुनेचं. बाहेर रिक्षा होती ती तरी कोणत्या बाईच्या नावावर नसेल ना, असं त्यांना वाटून गेलं.

“घाबरू नका,” वकील म्हणाले. “सूनबाईंकडून लेखी घ्या. हक्कसोड केल्यासारखं. पण त्यानंतरसुद्धा इतर हक्काच्या रकान्यात त्या परदेशी माणसाचं नाव राहणार.”

“ते काढायला काय लागंल?”

“काकड, आमच्याकडे सत्तावन्न सालची कुळं अजून निघाली नाहीत. हे तर स्पेनचं कूळ.”

घरी येऊन आबांनी हक्कसोडीचं बोलणं काढलं. उज्वला हसून म्हणाली, “द्या, आत्ता सही करते.” तिने केलीही. पण मालनबाईंनी लाटणं खाली ठेवलं. “लोक बहिणीकडनं हक्कसोड घेत्यात. तुम्ही लग्नाला वर्ष नाय झालं तर सुनेकडनं घेतली. उद्या तिच्या बापाला काय तोंड दाखवू? तोफखान्यातला माणूस हाय तो.” त्या दिवशी आबांच्या ताटात भाकरी आली, भाजी जरा उशिरा आली.

पुढच्या आठवड्यात उज्वलाच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती आठ दिवस देवळाली कॅम्पला गेली. जाताना ॲपमधलं एक पान आबांच्या हाती देऊन गेली. सभासदांची नावं बदलली, वारस लागले, तर आबांनाच त्या पानावर दुरुस्ती करता यावी म्हणून. त्याच पानावर खाली एन्रिकेचं नाव आणि त्याचं इंग्रजी परवानापत्र होतं. शिस्तीची पोरगी, पण एवढी एक चूक तिच्याकडून झाली.

ती गेली त्याच संध्याकाळी निवृत्ती आला. ओट्यावर बसला नाही, पायरीवर बसला. पायरीवर बसला की समजायचं, पत्रिकेचा विषय आहे.

“दादा, ॲपमध्ये नावं असत्यात म्हणे.”

“असत्यात.”

“एक स्पेनवाला हाय म्हणे त्याच्यात.”

“हाय.”

“बरोबर हाय. स्पेन जवळ पडतं. मी पडलो दोन घरं सोडून.”

आबांना त्या रात्री जेवताना दोनदा ठसका लागला. सकाळी उठून त्यांनी शेजारच्या कारभारीला बोलावलं. कारभारीने तहसील कचेरीबाहेर पंधरा वर्षं अर्ज लिहून दिलेले, त्यामुळे गावात कोणत्याही कागदाचा अर्थ तोच लावायचा. तो कधी अडायचा नाही. चुकायचा, पण अडायचा नाही.

“मला आता कोणाचं नाव सोडायचं नाय,” आबा म्हणाले. “बेचाळीसच्या बेचाळीस घालू. पत्रिकेसारखं. पयलं निवृत्ती.”

“आणि हे खालचं इंग्रजी?” कारभारीने चष्मा कपाळावर सरकवून मोबाईल नाकाजवळ नेला. एन्रिकेचं नाव वाचलं. पुढचे आकडे वाचले. मग मोबाईल हळूच मांडीवर ठेवला. “आबा, हा गेला की.”

“कोण गेला?”

“हा तुमचा सोलेर. नावापुढं लिहिलंय बघा, दोन हजार चार ते दोन हजार एकोणीस.”

गावातल्या कोणत्याही चौकात उभं राहा, फ्लेक्सवर फोटोखाली अशी दोन सालं असली की त्याचा अर्थ लहान पोरही सांगतं. आबांनी मनात वजाबाकी केली. “पंधरा वर्षांचा होता?”

“एवढी हुशार पोरं टिकत नाय.”

“मग हे बाकीचं काय लिहिलंय एवढं?”

कारभारीने दोन ओळी चाळल्या. “शोकसंदेश दिसतोय. भाषा लय जड हाय. शेवटी म्हणतो, कसलीच वॉरंटी नाही. खरं हाय आबा, माणसाची काय वॉरंटी.”

आतून मालनबाई पदराने डोळे पुसत आल्या. “पंधरा वर्षांचं लेकरू. आणि तुम्ही त्याचं नाव काढायला वकिलाकडं गेला होता.”

आबा मुळात पापभीरू माणूस. त्यांना स्वतःची शरम वाटली. त्यांनी ठरवलं, काढायचं तर नाहीच, मानाच्या जागी घालायचं. मग दोघांनी दुपारभर बसून ते पान नव्याने लिहिलं. सगळ्यांत वर ‘आशीर्वाद’, त्यात आबांचे आईवडील, आणि त्यांच्या रांगेत ‘कै. चि. एन्रिके सोलेर, स्पेनकर’. त्याखाली ‘निमंत्रक’ म्हणून निवृत्ती. मग व्यवस्थापक, मग समस्त सभासद. इंग्रजी शोकसंदेश पुसून टाकला, कारण पत्रिकेत कोणी शोकसंदेश छापत नाही. सर्वांत खाली आबांनी जरा दबकत लिहिलं, ‘एकमेव मालक : सावळीराम धोंडू काकड’.

निवृत्तीने आपलं नाव पाहिलं. मोबाईल लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. मग वर्षभराने प्रथमच तो आबांच्या घरी जेवला, आणि पिठलं परत मागून घेतलं. इथे गोष्ट संपली असती तर सगळ्यांनाच बरं झालं असतं.

पण दोन दिवसांनी संस्थेची वार्षिक सभा होती. कारभारीने उठून सूचना मांडली की ज्या कोवळ्या मुलामुळे आपल्याला रात्रीची पाळी वर्षातून एकदाच येणार, त्याला दोन मिनिटं श्रद्धांजली वाहावी. सगळी सभा उभी राहिली. असं सांगतात की संस्थेच्या सभेत एवढी शांतता त्याआधी कधी झाली नव्हती. निवृत्ती आता निमंत्रक होता, त्याला काहीतरी करणं भाग होतं. त्याने स्वतः जाऊन फ्लेक्स करून आणला आणि कालव्याच्या गेटवर लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो नव्हता म्हणून फ्लेक्सवाल्याने समई घातली होती. खाली ‘शोकाकुल’ म्हणून बेचाळीस नावं, पहिलं निवृत्तीचं.

तिसऱ्या दिवशी सुयश प्रतिज्ञापत्र टाईप करून घेऊन आला. येताना त्याने फ्लेक्स पाहिला होता. तो ओट्यावर बसायच्या आधीच बोलायला लागला.

“आबा, तुमचा प्रोग्रामर गेला म्हणे. मग पुढे दुरुस्ती कोण करणार? आमच्या साहेबांना काय सांगू?”

“तो पाच वर्षांपूर्वीच गेला,” आबा त्याला धीर देत म्हणाले. “तरी चालतंय.”

एवढ्यात देवळालीहून सिटी बसने उज्वला आली. तिने बसमध्येच ॲप उघडून पाहिलं होतं. पायातली चप्पल न काढता ती ओट्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा असा होता की हसावं की रडावं हे तिने बसमध्ये ठरवायला घेतलं होतं आणि अजून ठरलं नव्हतं.

“आबा, हा माणूस जिवंत आहे. मागच्या महिन्यात मी त्याला एक प्रश्न विचारला होता, त्याने उत्तर दिलंय.”

“मग ती सालं?”

“ती लिखाणाची सालं आहेत. कधी लिहायला घेतलं आणि शेवटची दुरुस्ती कधी केली. तो सत्तरीचा म्हातारा आहे.”

कारभारी कुंपणापलीकडून ऐकत होता. तो म्हणाला, “जन्मतारीख कुठंच लिहिली नव्हती त्याची. अर्धवट कागद होता.” आणि आत निघून गेला.

बेचाळीस माणसांना आबांनी एका धडधाकट माणसासाठी उभं केलं होतं. मालनबाई मात्र आनंदल्या. “बरं झालं बाई. असं उठवलं की आयुष्य वाढतं म्हणत्यात. वाढलं असंल त्याचं.”

“आई, तेवढंच नाहीये,” उज्वला म्हणाली. आता ती हसत नव्हती. “तो शोकसंदेश नव्हता, परवानापत्र होतं. ते पुसून आपण ॲप बेचाळीस जणांकडे ठेवलं. त्याच्या अटींप्रमाणे परवाना पुसला की आपला वापरायचा हक्कच जातो. त्याने बंद करा म्हटलं तर बंद करावं लागेल.”

उन्हाळी आवर्तन सुटायला पाच दिवस होते. जुन्या पाळ्यांचा कागद आबांनी कौतुकाने कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला देऊन टाकला होता.

उज्वलाने त्याच क्षणी परवानापत्र होतं तसं परत बसवलं, आणि एन्रिकेला पत्र लिहायला बसली. आबा म्हणाले, मी सांगतो तसं लिही. त्यांनी सांगितलं, आम्ही तुमचं नाव वर घातलं होतं, पण चुकीच्या रांगेत. तुम्हाला मारायचा हेतू नव्हता. तुमचा पाट आम्ही बुजवला, तो परत उकरून दिला आहे. काय दंड असेल तो सांगा. उज्वलाने ते जसंच्या तसं इंग्रजीत घातलं, एक शब्द गोड केला नाही. पत्राबरोबर ॲपचं सगळं लिखाण आणि फ्लेक्सचा फोटो जोडला, कारण आबा म्हणाले लपवायचं काही नाही. त्यानंतर निवृत्तीला फ्लेक्स उतरवायला सांगितलं. तो म्हणाला, नावं चांगली आलीत, तेवढी वरची समई कापून बाकीचं राहू दे का?

इकडे सुयशला काही कळलंच नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्याने आबांना गाडीत घालून कोर्टाजवळच्या नोटरीकडे नेलं. टेबल झाडाखाली, वर छत्री, शिक्क्यांचा डबा, आणि आबांच्या पुढे सहा माणसं. उन्हात दोन तास गेले. नोटरीने आधारवरचा फोटो पाहिला, आबांकडे पाहिलं आणि विचारलं, “हे कोण?” आबा म्हणाले, “मीच.” नोटरीने परत एकदा पाहून नाइलाजाने मान्य केलं.

“वाचून सही करा,” नोटरी म्हणाला.

आबा बोट ठेवून वाचायला लागले. संपूर्ण व एकमेव मालक. इतर कोणाचाही कसलाही हक्क, हितसंबंध नाही. त्यांचं बोट तिथे थांबलं.

“हे ‘एकमेव’ खोडून ‘इतर हक्क एन्रिके सोलेर’ असं लिहिता येईल का?”

“खोडाखोड चालत नाही.”

सुयश कानाशी वाकला. “आबा, तो काय स्पेनहून इथे बघायला येतोय? सही करा. तुमच्या एकट्याच्या नावावर होतंय.”

हीच तर गोष्ट आबांना हवी होती. त्यांनी पेनाचं टोपणही काढलं. पण तीस वर्षांत त्यांनी एकाची पाळी दुसऱ्याच्या नावावर लिहिली नव्हती. एकदा सख्ख्या मेव्हण्याने अर्ध्या तासासाठी पाय धरले होते, तेव्हाही नाही. त्यांनी टोपण परत लावलं.

“कागद परत घ्या,” ते सुयशला म्हणाले. “पाणी त्याच्या बांधावरनं आलंय. मला माझं रान लिहून द्यायला जमंल, त्याचा बांध नाय जमणार.”

“मग आमच्या कंपनीला एकट्याला ॲप कसं मिळणार?”

“एकट्याला नाय मिळणार. सगळ्यांबरोबर मिळंल.”

सुयश गाडी घेऊन तिथूनच दिंडोरीला गेला. आबा सिटी बसने घरी आले. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टर बोलला, तेही त्यांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर मालनबाईंनी विचारलं, “झाला का एकमेव?” ते म्हणाले, “नाय झालो.” ताटात भाकरीबरोबरच भाजी आली, आणि वर शेंगदाण्याची चटणी.

आवर्तनाच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. उज्वला ओट्यावर वाचून दाखवायला लागली. आबा, मालनबाई, निवृत्ती, आणि कुंपणापलीकडे कारभारी.

एन्रिकेने लिहिलं होतं, मी सध्या जिवंत आहे. पंधरा वर्षांचा नाही याचं मलाही वाईट वाटतं. माझी बायको तो फोटो पाहून दोन दिवस हसते आहे, तिने तो स्वयंपाकघरात लावला आहे. खाली ही बेचाळीस माणसं कोण, असं ती विचारते. माझ्या मरणाने एवढ्या लोकांना दुःख होईल असं तिला वाटलं नव्हतं. तुम्ही परवानापत्र परत बसवलंत, विषय संपला, दंड नाही. खुशाल वापरा. आता माझं एक काम. तुमच्या लिखाणात मी पाहिलं की कोरडा पाट ओला व्हायचा वेळ तुम्ही कोणाच्याच नावावर धरत नाही. आमच्या गावात तो पहिल्या शेतकऱ्याच्या माथी मारतात आणि तो चाळीस वर्षं भांडतो आहे. तो मीच. हा नियम कोणाचा? मला माझ्या मूळ लिखाणात घेता येईल का?

आबा ताठ बसले. “त्याला लिही, घे म्हणावं. फक्त उन्हाळ्यात वेळ जास्त धर आणि पावसाळ्यात कमी, एवढं सांग. एकच वेळ धरशील तर परत भांडणं होत्यात.”

“आणि त्याला म्हणावं,” निवृत्ती पायरीवरून म्हणाला, “पयलं नाव फ्लेक्सवर माझं हाय.”

आवर्तन सुटलं. बेचाळीस जणांना वेळेवर पाणी मिळालं. त्या वर्षी शेवंतीही चांगली निघाली.

दसऱ्याच्या सुमारास एन्रिकेने आपल्या लिखाणाची नवी आवृत्ती काढली. उज्वलाने मोबाईल आबांच्या हातात दिला. हक्कांच्या जागी, जिथे इतकी वर्षं त्याचं एकट्याचं नाव होतं, तिथे खाली आता दुसरी ओळ होती. पाट ओला करण्याच्या वेळेचा नियम, सावळीराम धोंडू काकड, मखमलाबाद, नाशिक.

“म्हणजे हे माझ्या नावावर झालं?”

“तेवढा भाग तुमच्या नावावर. आणि जगात जो कोणी हे वापरेल त्याला तुमचं नाव ठेवावंच लागेल. पुसता येणार नाही.”

“सुयशला बी?”

“सुयशलासुद्धा. त्यांनी कालच उतरवून घेतलंय. तीन गावांत.”

आबा मोबाईल घेऊन कुंपणापाशी गेले. “कारभारी, हे वाच. आणि नीट वाच.” कारभारीने चष्मा कपाळावर नेऊन वाचलं आणि सालाकडे बघत म्हणाला, “एकच साल दिसतंय, दोन हजार चोवीस. पुढचं अजून टाकलेलं नाय.”

“ते लिखाणाचं साल हाय, माझं नाय,” आबा म्हणाले आणि चहाला आत आले. मग वर्षभर, ओट्यावर पाहुणा आला की आबा आधी पाणी विचारायचे आणि मग ते पान दाखवायचे. विजेचं बिल आपल्या नावावर करून घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण ते राहिलं.

सावळीराम धोंडू काकड सहा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस रोजी, गुरुवारी सकाळी, राहत्या घरी वारले. वय एकोणसत्तर. त्या पानावर त्यांच्या नावापुढे मात्र अजून एकच साल आहे.